देवचार: आठवीच्या भित्तिपत्रिकेवरचा एक शब्द

तो कागद मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो भिंतीवरून उतरलेला होता. मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात चार घड्या घालून ठेवला होता आणि कोपऱ्यांना खळीबरोबर भिंतीचा चुना चिकटून आला होता. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातली एक अनुदानित शाळा, इयत्ता आठवी, भित्तिपत्रिकेचा विषय ‘आमचा गाव’. डावीकडे मराठी, मधे कोंकणी, उजवीकडे इंग्रजी. मराठीच्या तासाला बसणाऱ्या एका मुलीने (माझ्या टिपणवहीत ती ‘क’) गावच्या देवचाराबद्दल बारा-तेरा ओळी लिहिल्या होत्या. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या बांधावर, मानशीजवळ (भरती-ओहोटीचं पाणी अडवणाऱ्या दाराजवळ) त्याची जागा आहे. रात्री काठी आपटत तो फिरतो, वाट चुकलेल्या माणसाला घराच्या पायरीपर्यंत सोडतो, भरतीच्या पाण्यापासून बांध राखतो. वर्षातून एकदा त्याला रोट, केळी, विडी आणि सोरो, म्हणजे दारू, ठेवतात. मथळा साधा: ‘आमच्या गावचा देवचार’.

इंग्रजी अनुवाद तिच्याच बाकावर बसणाऱ्या ख्रिस्ती मैत्रिणीने, ‘ख’ने, केला होता. मजकूर नीट उतरवला होता, मानशीला शब्द सापडेना म्हणून तिथे चित्र काढलं होतं. मथळा मात्र होता: ‘द डेव्हिल ऑफ अवर व्हिलेज’.

शुक्रवारी पत्रिका लागली. सोमवारी ‘क’चे वडील शाळेत आले. तोवर मैदानावर दोन-चार मुलांनी ‘सैतानाक पुजतात’ असं चिडवून झालं होतं, आणि कुणीतरी पेन्सिलीने मराठी मथळ्याखालीही रोमी अक्षरांत ‘डेव्हिल’ लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी कागद उतरवला. मंगळवारच्या प्रार्थनेला सर्वधर्मसमभावावर दहा मिनिटं बोलणं झालं. दोघींची बाकं बदलली. शाळेच्या दृष्टीने विषय संपला.

मी त्या शाळेत दोन आठवड्यांपासून जात होते. संशोधनाचा विषय भारदस्त: भाषा, आकलन आणि धार्मिक सहिष्णुता. पद्धत गुणात्मक, म्हणजे मुलाखती, वर्गात मागच्या बाकावर बसून केलेली निरीक्षणं आणि छोट्या गटांतल्या गप्पा. अकरा मुलं होती: पाच हिंदू, पाच ख्रिस्ती, एक मुसलमान. शंभर मुलांना प्रश्नावली भरायला लावून टक्केवारी काढण्यापेक्षा अकरा मुलं नीट ऐकावीत, असं ठरवलं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र ऐकण्यासारखं काही हाती लागलं नाही, आणि त्याचा दोष माझा होता.

माझे प्रश्न मराठीत होते, तेही परिपाठाच्या मराठीत. ‘तू इतर धर्मांचा आदर करतोस का?’ ‘होय टीचर, सर्व धर्म समान आहेत.’ ‘सहिष्णुता म्हणजे काय?’ ‘दुसऱ्यांच्या धर्माला सहन करणे.’ एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी उत्तरं. ख्रिस्ती मुलं तर याहून कमी बोलत. मराठी त्यांना कळते, दुकानात, बसमध्ये, टीव्हीवर कानावर पडते. पण धर्माबद्दल त्यांनी त्या भाषेत कधी वाक्य जुळवलेलं नसतं. ती मान हलवत आणि मी वहीत ‘संकोच’ असं लिहून मोकळी होई.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६९ साली लिहिलेला एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला आठ वर्षांचा एक काळा मुलगा मुलाखतीत एकेका शब्दाची उत्तरं देत होता. मुलाखत घेणारा बटाट्याचे वेफर्स घेऊन आला, मुलाच्या मित्राला सोबत घेतलं आणि स्वतः जमिनीवर बसला, तेव्हा तोच मुलगा मधे बोलायला जागा देईना. मूल मुकं नसतं, ज्या बैठकीत आपण त्याला बसवलेलं असतं तिथे गप्प राहणं त्याला शहाणपणाचं वाटतं. हे सगळं मला पाठ होतं, आणि मी खुर्चीत बसून सहिष्णुतेची व्याख्या विचारत होते!

बैठक बदलली ती एका मुलामुळे. कोंकणीत, जाता जाता, दप्तर खांद्यावर टाकत तो म्हणाला, ‘‘टीचर, सहन करपाक तांणीं आमकां कितें केलां?’’ त्यांनी आमचं काय केलंय, म्हणून सहन करायचं? शब्दाच्या पोटातलं त्याने बरोबर ओळखलं होतं. सहिष्णुतेत ‘सह्’ धातू आहे, सोसणं आहे. इंग्रजी ‘टॉलरन्स’च्या मागचा लॅटिन धातूही सोसण्याचाच. शेजाऱ्याला सोसायचं म्हणजे आधी त्याचा त्रास होतो असं मानायचं. त्या मुलाच्या घरी चवथीला नेवऱ्या होतात आणि त्या पलीकडच्या ख्रिस्ती घरात जातात. नाताळात त्या घराच्या कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटात नेवऱ्या परत येतात, सारण थोडं वेगळं. याला तो ‘सहन’ का म्हणेल? त्या दिवसापासून मी खुर्ची सोडली आणि प्रश्न कोंकणीत विचारू लागले. पुढच्याच आठवड्यात देवचाराचं प्रकरण झालं.

शिक्षकांचे अर्थ आधी सांगते, कारण ते पटकन सांगून होतात. एका गटाच्या मते हा ख्रिस्ती घरातून आलेला तिरस्कार होता. दुसऱ्या गटाच्या मते शाळेच्या भिंतीवर भुताखेतांचं लिहू दिलं हीच चूक. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या की दोन्ही बाजूंना अंधश्रद्धेवर एक पाठ द्यावा. शब्दाकडे कुणी पाहिलं नाही, अपवाद कोंकणीच्या शिक्षिकेचा. पण त्या स्टाफरूममध्ये गप्प राहिल्या, आणि नंतर व्हरांड्यात मला म्हणाल्या, ‘‘चुकीचं भाषांतर केलंच नाही हो तिने. तिच्या घरात त्याचा अर्थ तोच आहे.’’

हे अक्षरशः खरं आहे. गोव्याच्या हिंदू घरांत, आणि वर सावंतवाडी-मालवणकडेही, देवचार हा गावाच्या सीमेचा, बांधाचा, वाटेचा राखणदार. भीती वाटते, पण आपला. त्याची कुळकथा मात्र एवढी स्वच्छ नाही; कोकणातल्या भुतांच्या जुन्या याद्यांत तोही एक भूतच म्हणून मोजलेला आढळतो, आणि त्याच्या मानपानात रोटाशेजारी सोरो असतो तो उगाच नाही. ख्रिस्ती कोंकणीत, म्हणजे प्रार्थनेत, प्रवचनात, शामायने, म्हणजे आजीने, रात्री सांगितलेल्या गोष्टीत, देवचार म्हणजे सैतान. दुसरा अर्थच नाही. अर्थ असे दुभंगले कारण धर्मांतरानंतर पाद्र्यांना नव्या धर्माच्या प्रत्येक वस्तूला स्थानिक नाव हवं होतं. देवाला त्यांनी ‘देव’च ठेवला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोलला रोमी अक्षरांत छापलेल्या मराठी ओव्यांच्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यात संकोच केला नाही. देवदूतासाठी पोर्तुगीज ‘आंजु’ आला, त्याचा आंज झाला. वाईटाला नाव शोधताना हात गेला तो वेशीबाहेरच्या, सोरो पिणाऱ्या देवचाराकडे. एकाच गावात त्याच नावाची दोन पात्रं चारशे वर्षं शेजारी शेजारी राहिली.

बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतलेले भाग. इथे १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं (मधली थोडी वर्षं बंद), आणि १६८४ च्या फर्मानाने कोंकणी बोलण्यावरच बंदी घालून पाहिली. फोंडा, डिचोली, पेडणे हे महाल अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे आले, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून हा दुभंगलेला शब्द बार्देशात एका बाकावर भेटतो. नंतर आलेल्या सत्तरीत शोधावा लागेल. लिपीही दोन. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा राहिली, रोमी लिपी कायद्याबाहेर राहिली. पण ख्रिस्ती घरांतली वडीलधारी मंडळी वाचतात ती रोमीच. याचा प्रत्यय मला आधीच आला होता. पालकांच्या संमतीची पत्रं मी देवनागरी कोंकणीत छापली, तेव्हा तीन घरांतून ती सहीशिवाय परत आली. मी नकार समजून हिरमुसले. मग एका मुलाने सांगितलं की आईला ती वाचताच आली नाहीत. रोमीत लिहून दिली, दुसऱ्या दिवशी सह्या.

आता कार्डांचं. चौदा कार्डं केली. प्रत्येकावर एक शब्द, देवनागरीत आणि मागे रोमीत: देव, देवचार, सैतान, राखणदार, सांत (ख्रिस्ती संत), आंज, भूत, पाद्री, भट असे. मुलांना सांगितलं, जे एकत्र राहतील असं वाटतं त्यांचे ढीग करा आणि करताना बोलत राहा. मानवशास्त्रात ही जुनी रीत आहे. माणूस मनात वस्तूंची रचना कशी करतो ते व्याख्या विचारून कळत नाही, हात कुठे जातो त्यावरून कळतं. निकाल अपेक्षेप्रमाणे आला. हिंदू मुलांनी देवचार राखणदाराजवळ ठेवला, एकाने भुताजवळ. ख्रिस्ती मुलांनी सगळ्यांनी सैतानाजवळ. मुसलमान मुलाने देवचाराचं कार्ड हातात धरून बराच वेळ घालवला, मग ते एकटंच ठेवलं आणि म्हणाला, ‘‘जिन कसो. बरोय आसता, वायटूय आसता.’’ जिनसारखा, चांगलाही असतो, वाईटही. अख्ख्या भांडणात त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. मीही कार्डांपर्यंत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत नावं काढून घेतली आणि कार्डांवर नुसती कामं लिहिली. ‘रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो.’ ‘माणसाला पापाकडे ओढतो.’ ‘झोपेत लेकराच्या उशाशी असतो.’ ‘बांध फुटू देत नाही.’ ‘मान दिला नाही तर रागावतो.’ पुन्हा ढीग.

‘ख’ने वाट दाखवण्याचं, उशाशी असण्याचं आणि बांध राखण्याचं अशी तीन कार्डं एकत्र केली. विचारलं, हा कोण? ती सहज म्हणाली, ‘‘आंज. राखणो आंज.’’ मग थांबली. तोंडातून आलेला शब्द तिने स्वतः ऐकला असावा. समोर बसलेली ‘क’ म्हणाली, ‘‘आमचोय राखणदारच मगो.’’ आमचाही राखणदारच ना. ‘ख’ने कार्डं उचलली, परत ठेवली. म्हणाली, ‘‘पूण आंज सोरो पियेना.’’ आणि दोघी हसल्या, बाकं बदलल्यापासून पहिल्यांदा.

ध्वनिमुद्रणात तिथे नऊ सेकंदांची शांतता आहे. मी ती जागा कितीतरी वेळा ऐकली. राखणदार आणि राखणो आंज, दोन्हीकडे ‘राखप’ हे एकच क्रियापद. नामं दुभंगली होती, क्रियापद शाबूत होतं. भाषा विचाराला कोंडून घालते, असं एक मत भाषाशास्त्रज्ञ व्हॉर्फच्या नावावर सैलपणे खपवलं जातं. या खोलीत तसं दिसलं नाही. कोंडलेलं माणूस दहा मिनिटांत बाहेर येत नाही. दिसलं ते एवढं की शब्द समोर असला की मन नेहमीच्या वाटेने जातं, आणि शब्द बाजूला ठेवला तर दुसरी वाट त्याच मुलाला ठाऊक असते. त्या दोघींना एकमेकींच्या धर्माबद्दल नवीन माहिती कुणी दिली नाही. होती तीच माहिती त्यांनी वेगळी लावली.

इथे थांबले असते तर प्रकरण गोड झालं असतं. पण याच फेरीत एका मुलाने ‘मान दिला नाही तर रागावतो’ हे कार्ड सरळ बाजूला काढलेल्या ‘भट’ या कार्डावर नेऊन ठेवलं. मग आपल्या आजीला मानाच्या वेळी कुठे उभं राहावं लागतं ते सांगितलं. तो हिंदू होता. धर्माच्या भिंतीची चौकशी करताना जातीची भिंत अशी मधेच लागते, आणि माझ्या संशोधनाच्या मथळ्यात तिला जागा नव्हती. मराठीतल्या मुलाखतीत याच मुलाने ‘आम्ही सगळे समान’ म्हटलं होतं. कोंकणीतही त्याने ते एकदा म्हटलं, आणि मग आजीची गोष्ट सांगितली. म्हणजे घरच्या भाषेत सहिष्णुता जास्त सापडते असा निष्कर्ष मी काढणार असेन, तर तो चुकीचा. घरच्या भाषेत जे आहे ते सापडतं. नेवऱ्यांचं ताट सापडतं, आणि कुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही तेही.

दुसरी गोष्ट अजून मला टोचते. मुद्रण बंद केल्यावर, बाकीची मुलं गेल्यावर, एक ख्रिस्ती मुलगा रेंगाळला. म्हणाला, त्याची शामाय मानशीवरून जाताना तिथे मेणवात लावते. ‘‘पूण हें कोणाक सांगूं नाका.’’ संशोधक म्हणून माझ्या हातात आलेला हा सर्वांत मोलाचा पुरावा होता: ज्याला घरात सैतान म्हणतात त्याच जागेला आजी वात लावते. आणि मला तो वापरता येत नव्हता. संमतीपत्रावर सही होती, पण सही मुद्रणापुरती होती. ‘सांगू नका’ म्हटल्यावर कागदाचा आधार घेणं म्हणजे पोराला फसवणं. अहवालात मी तो प्रसंग घातला नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी तो आणि त्याची आई दोघांनी, गाव आणि शाळा ओळखू येणार नाही या अटीवर, होकार दिला, म्हणून तो इथे आला आहे. मानशी आणि बांध बार्देशात पुष्कळ आहेत.

‘क’च्या वडिलांना मी घरी जाऊन भेटले. वाटलं होतं, धर्माचा अपमान वगैरे ऐकावं लागेल. ते म्हणाले, कोंकणीत कुणी काही म्हणो, शेजारी देवचाराला काय समजतात ते लहानपणापासून माहीत आहे, त्यात काही नवीन नाही. राग आला तो इंग्रजीचा. ‘‘शाळेत भायलो मनीस येतलो, तो मराठी वाचपाक ना, तो इंग्लीश वाचतलो.’’ बाहेरचा माणूस येईल, इंग्रजी तेवढी वाचेल, आणि त्याच्या मनात हे गाव सैतान पुजणारं होईल. गावातले दोन अर्थ एकमेकांना ओळखून होते. त्यांनी आपसात न सांगता तडजोड केलेली होती. तिसऱ्या भाषेत ती तडजोड कुणी केलेलीच नव्हती.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं की गटांमधले पूर्वग्रह संपर्काने कमी होतात, पण अटी आहेत: दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, काम मिळून हवं, वरच्यांचा पाठिंबा हवा. आठवीची भित्तिपत्रिका या चारही अटींत बसत होती. एकाच बाकावरच्या मैत्रिणी, एक कागद, शिक्षकांचं प्रोत्साहन. तरी बिनसलं. संपर्कात भाषांतर होत असतं आणि ते कोण, कुठल्या भाषेत, कुणासाठी करतंय हे त्या चार अटींत येत नाही. तीन भाषांच्या शाळेत ही पाचवी अट धरावी असं माझं मत आहे. एका प्रकरणावरून सिद्धांत होत नाही, हे माझ्या मार्गदर्शकांनी समासात लाल शाईने लिहिलं, तेही नोंदवते.

महिन्याभराने कोंकणीच्या शिक्षिकेने पुढाकार घेऊन पत्रिका पुन्हा करून घेतली. दोघींनी मिळून इंग्रजी स्तंभ नव्याने लिहिला. देवचार हा शब्द तसाच ठेवायचा आणि खाली दोन ओळींत सांगायचं की गावात काही जण याला राखणदार मानतात, काहींच्या प्रार्थनेत हेच नाव सैतानाचं आहे. ‘ख’चा आग्रह होता की दुसरी ओळ गाळायची नाही; ‘‘आमचें खोटें म्हण दिसतलें.’’ आमचं खोटं आहे असं वाटेल. मानशीचं चित्र राहिलं. शाळेने एकच बदल सुचवला: मुलांच्या कागदावर दारू शोभत नाही, तेव्हा मानपानाच्या ओळीत रोट आणि केळी एवढंच ठेवावं. विडीही गेली.

पालकसभेच्या दिवशी ‘क’चे वडील व्हरांड्यात उभे राहून तिन्ही स्तंभ वाचत होते. इंग्रजी स्तंभ मुलीकडून वाचून घेतला, मान हलवली. मग मराठी स्तंभावर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि तिला विचारलं, ‘‘सोरो खंय गेलो? सोरो नासतना कसलो देवचार?’’